परीक्षेच्या वाटेवरचा वाघ

सुधाकर, तुझ्या शोकसभेत मला बोलायला दोन मिनिटं दिली होती. मला नुसतं 'नमस्कार' म्हणायला साडेतीन मिनिटं लागतात, हे वडशाच्या रेल्वे फाटकापासून शेवटच्या राइस मिलपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी दोनच. मी माइकसमोर उभा राहिलो, घसा खाकरला, माइक दोन बोटं खाली ओढला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. लोकांना वाटलं, मुरली गहिवरला. मी गहिवरलो नव्हतो. थाप शोधत होतो आणि सापडत नव्हती. समोर तू फोटोत बसला होतास, हार घालून, आणि माझी थाप ऐकताना तुझी जी डावी भुवई वर जायची ती त्या फोटोत खालीच होती. भुवई वर जाणारच नसेल तर थाप मारायची कोणासाठी? हात जोडले आणि उतरलो. प्राचार्य नंतर म्हणाले, मुरली, आज पहिल्यांदा वेळेत आटोपलं.

राहिलेलं आता इथे लिहितो. वार्षिकांकाच्या संपादक मॅडमने दोन पानं दिली आहेत. पण शेजाऱ्याच्या बांधावर दरवर्षी नांगराचं एक तास सरकवायची आपल्या गावची जुनी कला आहे. पाहू किती सरकतो. तुझं जन्मगाव, पदव्या, नोकरीची वर्षं त्यांनी वेगळ्या चौकटीत छापली आहेत. त्या चौकटीत तुला 'मनोविश्लेषणाचे गाढे अभ्यासक' म्हटलं आहे. मी मॅडमला म्हटलं, हे वाचून तो फोटोतून उठून येईल. मनोविश्लेषणाचा नाही, त्याच्या नंतर जे आलं त्याचा. त्यांनी विचारलं, फरक काय? मी म्हटलं, अकरा पानं द्या, सांगतो.

तुला ओळखणारे पण मला न ओळखणारे असे कोणी चुकून असतील तर त्यांच्यासाठी: मी मुरली, मानसशास्त्र प्रयोगशाळेचा परिचर. सरकारी भाषा सोडली तर लॅबचा शिपाई. तू आणि मी एका गावचे, एका बाकावरचे, आणि एका सायकलवरचे. कॉलेजच्या फाटकाच्या आत तू 'सर' आणि मी 'मुरली'. फाटकाच्या बाहेर तू सुध्या आणि मी मुऱ्या. हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण तीस वर्षांत तो एकदाच मोडला. तो मोडला त्या दिवसाबद्दलच मला बोलायचं आहे. पण सरळ मुद्द्यावर आलो तर तुला संशय येईल की हे कोणी दुसऱ्यानंच लिहिलंय.

तर आधी आपली लॅब. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला एक विद्यार्थी प्रयोग घेतो आणि दुसरा कोणीतरी तो स्वतःवर करून घेतो. त्या दुसऱ्याला पोरं 'सब्जेक्ट' म्हणतात. परीक्षेच्या दिवशी ठरवलेला सब्जेक्ट हमखास गायब. कोणी शंकरपटात बैलांची शर्यत पाहायला गेला, कोणी मामाच्या गावी नाटकाला. मग पोरी रडवेल्या होऊन माझ्याकडे यायच्या, "मुरलीभाऊ, तुम्ही बसा ना." आणि मुरलीभाऊ बसायचे. आरशात पाहून चांदणी गिरवायचा प्रयोग मी इतक्या वेळा केला की आता सरळ पाहून मला चांदणी काढता येत नाही. भूलभुलैयासाठी आणलेले तीन उंदीर माझ्या देखत शिकून मोठे झाले. त्यातला एक माझ्याहून जास्त शिकला, असं मी सांगत असे, आणि सगळे हसत. तू हसत नव्हतास. हे मला तेव्हा दिसलं होतं, सुधाकर. मी दिसलं नाही असं केलं.

व्यक्तिमत्त्वाच्या चाचणीला तर माझ्या अंगात यायचं. सकाळच्या पोरीला मी अबोल, घाबरट, माणूसघाणा म्हणून उत्तरं द्यायचो. दुपारच्या पोराला सभा गाजवणारा पुढारी. शेवटच्या पोराला मी असा संत मिळायचो की त्यानं चाचणी संपल्यावर माझ्या पाया पडावं. एका वर्षी नागपूरचे बाहेरचे परीक्षक सगळ्या जर्नल्स एकापुढे एक ठेवून बसले. प्रत्येकीत सब्जेक्टची सही एकच, आणि निकाल असे की एका माणसात अख्खी ग्रामसभा भरलेली. त्यांनी चश्मा काढून तुला विचारलं, हा सब्जेक्ट नेमका कोण आहे? तू शांतपणे म्हणालास, "सर, तो एक माणूस नाही, आमचा नमुना-गट आहे." तेवढ्यात मी ट्रे घेऊन आत आलो. परीक्षकांनी सही पाहिली, मला पाहिलं, म्हणाले, तुम्ही खरे कोणते? मी म्हटलं, साहेब, चहा आणणारा. पोरं पास झाली. त्या साहेबांनी त्या दिवशी तीन कप चहा घेतला.

आणि मग ती चित्रांची कार्डं. आपल्या ड्रॉइंग मास्तरांनी काढलेली, कोळशाच्या पेन्सिलनं, मुद्दाम अंधुक. एकात बैलबंडी हाकणारा माणूस, एकात दारात उभी बाई, एकात नदीच्या काठावर कोणीतरी. चित्र पाहायचं आणि गोष्ट सांगायची. आधी काय झालं, आता काय चाललंय, शेवट काय होईल. तिथे मी कोणाला ऐकतो? एकेका कार्डावर मी अशा गोष्टी सांगितल्या की पोरांच्या पुरवण्या संपल्या. तू त्या गोष्टींची एक नक्कल काढून घ्यायचास. मला वाटायचं, माझ्या कलेची कदर करून राह्यला.

तुझे तास मी दाराला टेकून ऐकायचो. खडू आणून द्यायच्या निमित्तानं गेलो की परत यायचोच नाही. दरवर्षी पहिल्या तासाला तू फळ्यावर 'अहं' लिहायचास आणि अर्थ विचारायचास. दरवर्षी कोणीतरी म्हणायचं, सर, गर्व. मग तू खडू खाली ठेवायचास आणि शंकरपटात शिरायचास. म्हणायचास, पटावर पाहणारे सगळे बैलाला पाहतात. बैल कसा उधळला, किती जोरात सुटला. मनाचा शोध सुरू झाला तेव्हाही असंच झालं. ज्या म्हाताऱ्यानं सुरुवात केली त्याला आत बसलेले बैल दिसले, फार मोठं काम केलं त्यानं. पण जोडीच्या मागे दोन्ही कासरे धरून धुरकरी उभा असतो. बैल उधळला हे सगळ्यांना दिसतं. उधळल्यावरही धुरकरी पडला नाही, हे कोण पाहतं? नंतरच्यांनी ते पाहिलं. त्या म्हाताऱ्याच्या पोरीनं पाहिलं, आणखी कोणी कोणी पाहिलं. धुरकरी स्वतःला कसा सावरतो, कोणत्या युक्त्या करतो, कधी डोळे मिटतो, कधी दोष बैलावर ढकलतो, कधी हसून वेळ मारून नेतो. तो धुरकरी म्हणजे अहं. गर्व नाही. सावरणारा.

'हसून वेळ मारून नेतो' म्हणताना तू दाराकडे बघायचा नाहीस. मुद्दाम बघायचा नाहीस. तेही मला दिसायचं.

दुसरा तास भारी धानाचा. तू सांगायचास, पहिल्या लोकांचं म्हणणं असं होतं की पाच-सहा वर्षांत पोराचं मडकं भाजून निघते, पुढे फक्त वाजवून पाहायचं. नंतरच्यांनी म्हटलं, नाही. माणूस बाळपणापासून म्हातारपणापर्यंत आठ वेळा नव्यानं अडतो आणि नव्यानं घडतो. एखादी पायरी वेळेवर नाही साधली तरी ती पुढे वाट पाहत बसते. मग तू विचारायचास, हलका धान दिवाळीच्या आधी कापता, भारी धान उभाच असतो, म्हणून कोणी त्याले नापास म्हणते का? पोरं म्हणायची, नाही सर. अर्ध्या वर्गाच्या घरी दोन्ही धान होते. तेवढ्या एका उदाहरणावर किती पोरी या भागात शिकायला परत आल्या, लग्नानंतर, पोरं कडेवर घेऊन, ते मी लॅबच्या दारातून पाहिलं आहे. यात एक तांदूळही वाढवून सांगत नाही.

पण पाचव्या पायरीवर आपलं भांडण होतं आणि ते तसंच राहिलं. तू शिकवायचास की तरुण पोराला स्वतः कोण हे ठरवायला समाजानं थोडी मुदत द्यायला हवी. हिंडू द्यावं, चुकू द्यावं, लगेच जोखडाला जुंपू नये. मी फाटकाबाहेर तुला धरायचो. "सुध्या, हे ज्यानं लिवलं त्याच्या बापानं कधी बांबू तोडला होता का? तुले मुदत भेटली होती? मले भेटली? आपल्या इथी पोरगा मिसरूड फुटण्याआधी मजूर होते. मुदत कोणाले देते बे कोणी?" तू म्हणायचास, म्हणूनच तं मांगाव लागते. मी म्हणायचो, मांगून काय भेटते, रांग भेटते. पानठेल्यावर उभं राहून आपण हे भांडण इतक्या वेळा केलं की पानवाल्याला दोघांचंही पाठ झालं होतं, आणि आपल्यापैकी एक आला नाही तर त्याची बाजू तो मांडायचा. आता तो तुझी मांडतो. वाईट मांडतो.

आता वाघ.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी माझ्या हातचा एक कप तरी चहा घेतला असेल त्यांना वाघ माहीत आहे. बारावीच्या परीक्षेला सुधाकर आणि मी गावातून एका सायकलवर निघालो. अकरा मैल जंगलाचा रस्ता, सुधाकर पायडल मारतोय, मी मागे कॅरिअरवर, दोघांच्या वह्या माझ्या मांडीवर. आणि अर्ध्या रस्त्यात वाघ. सुधाकर सायकल घेऊन निसटला, मी वाघाला तोंड देत मागे राहिलो, म्हणून माझा पेपर बुडाला. पहिल्या वर्षी तो बिबट्या होता. तू बी. ए. झालास तेव्हा त्याचा पट्टेवाला झाला. तुला प्राध्यापकाची नोकरी लागली तेव्हा वाघीण झाली आणि तिच्यामागे दोन बच्चे आले. तुझी पीएच. डी. झाली त्या वर्षी मी तिच्या कानाला धरून तिला बाजूला केलं होतं. तू एकेक पायरी चढलास तसा माझा वाघ वाढत गेला, हे मोजायला मानसशास्त्र कशाला पाहिजे?

पण तू होतास तिथे. पायडल तू मारत होतास. वाघ होता की नव्हता हे डोळ्यांनी पाहिलेली साऱ्या जगात दोनच माणसं होती. आणि मी तुझ्या सहकाऱ्यांसमोर, तुझ्या विद्यार्थ्यांसमोर, एकदा तर तुझ्याच लग्नाच्या पंगतीत तो वाघ सोडला, तेव्हा तू प्रत्येक वेळी डावी भुवई वर केलीस आणि म्हणालास, "हाव, लय मोठा होता." चाळीस वर्षं तू माझ्या वाघाला चारा घातलास, सुधाकर.

मागच्या पावसाळ्यात तू माझ्यापुढे नेहमीसारखा संमतीपत्रांचा गठ्ठा टाकलास. सब्जेक्टनं प्रयोगाला संमती असल्याची सही करायची असते. मी वर्षाची एकदम करून टाकायचो, न वाचता. त्या गठ्ठ्यात तू सतरा नंबरचा फॉर्म घुसडला होतास. बाहेरून बारावीला बसायचा. तिन्ही लोकांना टोप्या घालणाऱ्या मुरलीला एका साध्या प्राध्यापकानं टोपी घातली, आणि मला पाच महिने पत्ता नाही. इतकी सुबक टोपी होती की राग बाजूला ठेवून दाद द्यावी लागते. पण दाद मी आत्ता देतोय. तेव्हा राग दिला.

जानेवारीत प्रात्यक्षिकं संपली त्या दिवशी. पोरं गेली होती, मी कार्डं मोजून डब्यात ठेवत होतो. तू एक जाडजूड फाईल टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "मुऱ्या, बस." फाटकाच्या आत मुऱ्या म्हणालास तेव्हाच मी पळायला पाहिजे होतं.

"या तुझ्या गोष्टी हायेत," तू म्हणालास. "सगळ्या. सगळ्या खोट्या. मी कधी अडवलं का तुले? पण एक डाव वाचून पाय. चित्र कोणतंबी असो, तुझा माणूस निघते, चालते, दारापर्यंत पोचते. अन् तिथी काहीतरी मोठं येते. पूर येते, वाघ येते, आग लागते. एकबी माणूस आत नाई गेला, मुऱ्या. एकबी नाई."

मी म्हटलं, चहा थंडा होऊन राह्यला.

"कुंपण चांगलंच असते," तू म्हणालास. "रानडुकरं येतात तं लावाच लागते. मी तं म्हणतो, लय मजबूत लावलं तू. पण त्याले फाटकच नाई ठेवलं. आता तुलेच तुह्या वावरात जाता येत नाई." आणि फाईलखालून प्रवेशपत्र काढून माझ्यापुढे सरकवलंस. माझा फोटो, माझं नाव, बैठक क्रमांक. "तुझी मुदत अजून संपली नाई," म्हणालास.

त्या क्षणी मी काय बोललो ते इथे छापायला मॅडम देणार नाहीत. छापण्यासारखं एवढंच: "मी काय तुझा चवथा उंदीर हाव? तीस वर्षं मले चहा आणाले ठेवलं का लिहून घ्याले?" मी दारापर्यंत गेलो. मागून तू बोललास. आवाज प्राध्यापकाचा नव्हता, सायकलवरच्या पोराचा होता.

"मी उठाले पायजे होतं त्या दिवशी."

मी ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवलं, आणि दार ओढून घेतलं. त्यानंतर आठ दिवस मी तुझा चहा दुसऱ्या शिपायाच्या हातून पाठवला. नवव्या दिवशी सकाळी तू अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या गेलास. बातमी आली तेव्हा मी लॅब झाडत होतो. पूर्ण झाडली. कोपरे पण.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक पांगल्यावर शालूवहिनींनी मला मागच्या खोलीत बोलावलं. फाईल काढून दिली. म्हणाल्या, "भाऊजी, हे तुमचं हाये. मी म्हटलं नेऊन देऊ का, तं हे म्हणे, नाई, मुरली येईलच घ्याले." वहिनी रडल्या नाहीत, म्हणून मलाही रडता आलं नाही. फाईल डोक्यावर घेऊन निघालो, धानाचं पोतं न्यावं तशी.

वाचली, सुधाकर. पहिल्या पानापासून. मला वाटलं होतं तू लाल शाईनं काही निदान लिहून ठेवलं असशील, अमुक गंड, तमुक विकृती. काही नाही. प्रत्येक गोष्टीच्या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलनं एक रेघ, बस. रेघेवरून रेघेवर मी गेलो. बंडीवाला लग्नमंडपाच्या दाराशी पोचला आणि पूर आला. दारातली बाई सासरच्या दाराशी पोचली आणि आग लागली. नदीकाठचा माणूस कचेरीच्या पायरीवर चढला आणि छप्पर कोसळलं. मी किती थोर थापाड्या आहे असं मला वाटत होतं. मी एकच थाप मारत आलो होतो.

तर आता चौकटीत नसलेली एक गोष्ट, तुझी नव्हे, माझी. सायकल वडशाला वेळेवर पोचली. वाटेत मुंगीसुद्धा आडवी गेली नाही. फाटकाशी पोरांची गर्दी होती, भिंतीवर आसनक्रमांकांचा कागद डकवला होता. माझ्या बापानं, जो जन्मभर कागद कारखान्यासाठी बांबू तोडत आला, पाच गावांत सांगून ठेवलं होतं की आपला मुरली तहसीलदार होणार. थापांची जहागीर मला तिकडूनच मिळाली. त्या कागदावर माझा नंबर पाहिला आणि मला एक साधी गोष्ट कळली: जो आत जाईल तोच नापास होऊ शकतो. मी तुला म्हटलं, तू व्हय पुढे, मी पाणी पिऊन येतो. तू गेलास. मी मागे वळलो आणि अकरा मैल चालत गावात आलो. तू तीन तासांत पेपर लिहिलास, मी त्याच तीन तासांत वाघ लिहिला. बापाला सांगितलं, झाडीत काहीतरी हललं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. का परत आला, असं नाही विचारलं. विचारलं, ठिपके होते का? मी म्हटलं, हाव. संध्याकाळपर्यंत बापानं तो वाघ गावभर फिरवून आणला. मला रात्री खराच ताप भरला आणि बाकीचे पेपर तापात गेले. बापाला कळलं होतं. आज वाटतं, त्या दिवशी माझ्या हातातून कासरे सुटले ते त्यानं धरले. त्याला दुसरं काही येत नव्हतं.

म्हणून मी ठरवलं. तुझ्यावरच्या प्रेमानं नाही, गैरसमज नको. रागानं. तू मला बोलायला जागा न ठेवता गेलास, तर आता मी तुला उत्तर तिथेच देणार जिथून मी पळालो.

माझं घर परीक्षा केंद्रापासून दोन गल्ल्यांवर आहे. तरी पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी मी गावी जाऊन राहिलो आणि सकाळी तिथून स्कूटरवर निघालो. अर्धा रस्ता करून चालणार नव्हतं. आणि आता ऐक. हे तुला सांगतोय, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही, कारण माझ्या तोंडून कोणी मानणार नाही. सातव्या मैलाशी वनखात्याची जीप आडवी. दोन्हीकडे गाड्या उभ्या. एक तरुण वनरक्षक हात पसरून सांगत होता, थांबा, रस्त्याच्या कडेला वाघ आहे, नाहीतर मागे फिरा. आपल्या वेळी त्या रस्त्यावर वाघ नव्हता. आता खरंच आहेत, पाट्या लावल्या आहेत. चाळीस वर्षं मी ज्याला पोसलं तो शेवटी स्वतः मला भेटायला आला होता, आणि तोही पेपरच्या दिवशी.

काय सुंदर कारण होतं ते, सुधाकर. सरकारी शिक्क्याचं.

वनरक्षक म्हणाला, "काका, फिरा मागं. अर्जंट हाये का काही?"

मी म्हटलं, पेपर आहे.

"पोराचा?"

"माझा."

त्यानं प्रवेशपत्र मागितलं. फोटो पाहिला, माझे पांढरे केस पाहिले, पुन्हा फोटो पाहिला. हसला नाही. तेवढ्याबद्दल मी त्या पोराला जन्मभर चहा पाजीन. वीस मिनिटांनी त्यानं जीप चालू केली, म्हणाला, माझ्या मागं मागं या, थांबू नका. मी गेलो. मला दिसलं ते एवढंच: डाव्या हाताला गवत हललं. बस. यात मी पट्टे घालणार नाही.

इंग्रजीच्या पेपरबद्दल जास्त न बोललेलं बरं. त्या पेपरला मी ओळखलं नाही आणि त्यानं मला. पण आत गेलो. फाटकातून, शिपायाच्या समोरून, वर्गात, बाकावर. माझ्या पुढचा बाक रिकामा होता. कोणीतरी पोरगं आलं नव्हतं. पर्यवेक्षकानं त्याचा नंबर दोनदा पुकारला आणि कागदावर खूण केली. त्या रिकाम्या बाकाकडे बघत मी तीन तास लिहीत होतो, आणि तेव्हा मला कळलं की तू काय केलं होतंस. तूही असाच एका रिकाम्या बाकामागे बसून लिहिलं होतंस, सतरा-अठरा वर्षांचा, आणि उठला नाहीस. चाळीस वर्षं तुला तो बाक टोचत राहिला.

तर त्या दिवशी दार ओढून घेतल्यावर जे बोलायचं राहिलं ते आता बोलतो. बरं झालं तू उठला नाहीस. उठला असतास तर दोघांच्याही घरी वाघ बांधलेले असते. मग माझा नोकरीचा अर्ज कोणी लिहिला असता? त्या पोरींना भारी धान कोणी सांगितला असता? माझ्या खोट्याच्या शेवटच्या ओळीखाली कोणी पेन्सिलनं रेघ ओढली असती? तू बसून राहिलास म्हणूनच तो दुसरा बाक इतकी वर्षं माझ्यासाठी राखून राहिला. आणि मुदतीचं भांडण मी हरलो असं समजू नको. आपल्या इथी मुदत कोणी देत नाही, हे माझं म्हणणं कायम आहे. एका माणसानं दिली. बाकीच्या पोरांना ती मिळावी म्हणून आता पानठेल्यावर तुझी बाजू मी मांडतो. पानवाल्यापेक्षा बरी मांडतो.

काल मानसशास्त्राचा पेपर झाला. तीस वर्षं दाराला टेकून ऐकलेलं सगळं हाताशी होतं. प्रश्न आला: संरक्षण यंत्रणा उदाहरणासह स्पष्ट करा. म्हणजे तुझ्या धुरकऱ्याच्या सावरायच्या युक्त्या. मी पेन उचललं. सवयीनं पहिलं उदाहरण असं भव्य सुचलं की पुरवणी लागली असती. खोडलं. मग लिहिलं: 'एक मुलगा परीक्षेच्या फाटकातून परत फिरला. घरी त्याने सांगितले की वाटेत वाघ होता. वाघ नव्हता.' तीन ओळी. माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी गोष्ट. आणि तिच्यातला मुलगा, सुधाकर, ती गोष्ट आत बसून लिहीत होता.

अजून पेपर बाकी आहेत. उद्या समाजशास्त्र. निकाल लागेल तेव्हा लागेल. पास झालो तर पेढे शालूवहिनींकडे आधी जातील. इंग्रजी पाहता नापासच होईन असं वाटतं. पण मग तो आयुष्यातला माझा पहिला खराखुरा नापास असेल, सही-शिक्क्याचा, बोर्डाचा, कोणत्याही वाघाशिवायचा. त्या गुणपत्रिकेला मी चौकट करून लॅबच्या भिंतीवर लावीन, तुझ्या फोटोशेजारी, आणि जुलैच्या परीक्षेचा फॉर्म या वेळी वाचून भरीन.